धंद्याचे शिक्षण : कारखान्यातून मिळालेला धडा

धंदा शिकून येत नाही, गादीवर बसून येतो, असे आम्ही व्यापारी म्हणत आलो. परंतु अलीकडे व्यवस्थापन-शिक्षणाचे संशोधन वर्गातून उठून दुकान-कारखान्यांत आले आहे. त्यातून काय निघाले, हे आपण समजून घेतले पाहिजे.

पहिले उदाहरण आपल्या शेजारचे, तारापूर व उंबरगावचे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम, जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेन्झी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली तेथील सुती कापड विणणाऱ्या कारखान्यांत प्रयोग सुरू केला. काही कारखान्यांत सल्लागार चार-पाच महिने राबले. काहींना केवळ उणिवा दाखवून दिल्या. शिकवले ते साधेच : कापडातील खोट रोज प्रकारवार लिहिणे, सुताचा साठा मोजणे, माग बिघडण्याआधी तपासणे, रोज थोडा वेळ एकत्र बसून कालच्या कामाचा हिसाब घेणे. शिकवलेल्या कारखान्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षी १७ टक्क्यांनी वाढली.

मग मालकांनी हे आधी का केले नव्हते? आपला माल चांगलाच आहे, असे अनेकांना वाटत होते. खोट मोजलीच नाही, तर दिसणार कशी? दुसरी गोष्ट : फर्म किती वाढणार, हे घरात कर्ते पुरुष किती यावर ठरत होते, कारण बाहेरच्या माणसाच्या हाती कारभार देण्याची तयारी नव्हती. नऊ वर्षांनी पाहिले तेव्हा निम्म्या सवयी सुटल्या होत्या. मॅनेजर बदलला, मालकाला फुरसत नव्हती, ही मुख्य कारणे. तरीही न शिकलेल्यांपेक्षा हे कारखाने पुढेच होते.

दुसरे उदाहरण डोमिनिकन रिपब्लिकचे. तेथील छोट्या व्यावसायिकांपैकी काहींना रीतसर हिसाबनिशी शिकवली, काहींना एकच कायदा : घराचे व धंद्याचे पैसे वेगळ्या खणात ठेवा, एकातून दुसऱ्यात घेतले तर चिठ्ठी टाका. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात साध्या कायद्याचाच उपयोग अधिक झाला.

हे वाचून आम्हाला आमचा एक हंगाम आठवला. रमजानमध्ये विक्री उत्तम, तरी मालाचे पैसे द्यायला गल्ल्यात रक्कम नाही. दोष बाजाराला दिला. नंतर आठवून हिसाब मांडला, तेव्हा कळले की घरातल्या लग्नाचा खर्च त्याच गल्ल्यातून गेला होता. चिठ्ठी एकही नव्हती.

तेव्हा पुढचे शिक्षण थोडके, कामाच्या जागी व रोजच्या सवयीचे असावे, असा या अभ्यासांचा अर्थ आम्ही घेतो. कारागीर व दुकानदार बंधूंनी एक महिना तीन गोष्टी कराव्यात : दोन गल्ले ठेवावेत, परत आलेला माल कारणासह लिहावा आणि दर जुम्म्याला साठा मोजावा. महिनाअखेरीस वही मुलाला वाचायला द्यावी. त्याची तालीम तेथूनच सुरू होईल.