शहर वाढते तेव्हा गावाने काय करावे?

शहर काही एका दिवसात वाढत नाही. आधी हमरस्त्याला दोन-चार दुकाने होतात. मग एखादे गोदाम उभे राहते. कोणी शेत विकतो आणि त्यात प्लॉट पडतात. पाच-दहा वर्षांत शहर आपल्या शिवेला येऊन भिडते. आणि मग गावात बातमी येते, की आपले गाव शहराच्या आराखड्यात आले.

पारावर बोलणी सुरू होतात. एकजण म्हणतो, "बरं झालं, जमिनीला भाव येईल." दुसरा म्हणतो, "जमीन गेलीच म्हणून समजा." तिसरा म्हणतो, "सरकारचं काम आहे बाबा. आपल्याला कोण विचारतंय?"

पहिल्या दोघांचे बोलणे अर्धे खरे आहे. तिसऱ्याचे मात्र खरे नाही. लोकांना विचारलेच पाहिजे, असा कायदा आहे. पण विचारल्यावर उत्तर द्यायचे काम आपले. ते कसे द्यायचे आणि त्यासाठी गावाची समिती काय करू शकते, ते या पाठात पाहू.

आराखडा म्हणजे काय?

घर बांधण्याआधी आपण जागा आखतो. चूल कुठे, गोठा कुठे, न्हाणी कुठे, पाणी कोणीकडून वाहून जाणार, हे आधी ठरवतो. ठरवले नाही तर गोठ्याचे पाणी चुलीपाशी येते. शहराचेही तसेच आहे. घरे कुठे होतील, कारखाने कुठे, रस्ते किती रुंद, शाळा, दवाखाना, बाजार, बाग, स्मशान कुठे, हे आधी नकाशावर मांडतात. त्यालाच विकास आराखडा म्हणतात. महाराष्ट्रात हे काम १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याप्रमाणे चालते. साधारण वीस वर्षांचा विचार करून आराखडा करतात.

नकाशावर काही जमिनींवर खुणा असतात. ही जमीन शाळेसाठी, ही रस्त्यासाठी, ही बागेसाठी. याला आरक्षण म्हणतात. आरक्षण पडले म्हणून जमीन त्याच दिवशी जात नाही. सात-बारावर नाव मालकाचेच राहते. पण मालकाला तिथे हवे तसे बांधकाम करता येत नाही. जमीन रीतसर घ्यायची तर सरकारला मोबदला द्यावा लागतो. आराखडा लागू होऊन दहा वर्षे झाली आणि तरी जमीन घेतली नाही, तर मालक जमीन घ्या म्हणून नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत काही झाले नाही तर आरक्षण उठते.

म्हणजे बघा, नकाशावरची एक रेघ एका घराची दहा-बारा वर्षे अडवून ठेवू शकते. म्हणून रेघ पक्की होण्याआधीच नकाशा पाहिला पाहिजे.

नकाशात काय दिसत नाही?

आराखडा करणारे लोक शिकलेले असतात. त्यांना रस्त्याची रुंदी कळते, पाण्याच्या नळाचा हिशेब कळतो, किती माणसांना किती शाळा लागतात तेही कळते. त्यांना वैरी समजू नये. पण ते आपल्या गावात राहत नाहीत.

आकाशातून काढलेल्या चित्रावरून नकाशा करतात. ते चित्र उन्हाळ्यात काढले असेल तर ओढा कोरडा दिसतो. पावसाळ्यात त्याच ओढ्याला कमरेइतके पाणी असते, हे चित्रात कुठून दिसणार? गुरे कोणत्या पाणंदीने जातात, बायका कोणत्या वाटेने पाणी आणतात, आठवड्याचा बाजार कुठे भरतो, कोणत्या समाजाची दफनभूमी कोणत्या माळावर आहे, हे गावालाच ठाऊक असते.

नकाशा एकाच्या हातात आणि माहिती दुसऱ्याच्या डोक्यात, असे झाले की घोटाळा होतो. ओढ्यात घरे उठतात. पहिल्या मोठ्या पावसात घरांत पाणी शिरते. या दोघांना एकत्र बसवायचे, हेच समितीचे खरे काम.

कायदा काय सांगतो?

आधी कच्चा आराखडा तयार होतो. त्याला प्रारूप म्हणतात. प्रारूप तयार झाले की ते जाहीर करावे लागते. सरकारी राजपत्रात आणि वर्तमानपत्रात नोटीस येते. नकाशा कचेरीत लोकांना पाहायला ठेवतात. नोटिशीत मुदत दिलेली असते. त्या मुदतीत कोणीही नागरिक लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतो. हरकत म्हणजे 'हे असे नको' आणि सूचना म्हणजे 'हे असे करा'.

या हरकती ऐकायला एक नियोजन समिती असते. शहराच्या महापालिकेचा आराखडा असेल तर तिच्या स्थायी समितीचे तीन सभासद त्यात असतात. त्यांच्याबरोबर जास्तीत जास्त चार जाणकार नेमतात. हरकत देणाऱ्याला बोलावून त्याचे म्हणणे ऐकतात. त्याला सुनावणी म्हणतात. मग समिती आपला अहवाल देते. शेवटची मंजुरी सरकारची असते.

ही झाली कायद्याने नेमलेली समिती. दुसरी समिती लोकांची. गाव किंवा वस्ती ती आपण होऊन नेमते. तिचे काम नकाशा वाचायचा, जागा पाहायची आणि सल्ला द्यायचा. पहिली समिती ऐकणारी, दुसरी सांगणारी. सांगणारा नसेल तर ऐकणारा काय ऐकणार?

मुंबईत काय झाले?

मुंबई केवढे मोठे शहर. पण त्या शहराच्या पोटात जुनी गावे आहेत. कोळ्यांचे कोळीवाडे आहेत, जुनी गावठाणे आहेत. शहर नंतर वाढले, गावे आधीची.

फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने नवा प्रारूप आराखडा जाहीर केला. तो २०३४ सालापर्यंतचा होता. लोकांनी नकाशे पाहिले आणि चुका दिसू लागल्या. कुठे उभ्या इमारतींवरून रस्त्याची रेघ गेली होती. कुठे जुन्या, जपायच्या वास्तूच नकाशात नव्हत्या. कोळीवाड्यांच्या हद्दी नीट दाखवल्या नाहीत, अशी कोळी लोकांची तक्रार होती. वस्त्यावस्त्यांतून लोक जमले. त्यांनी नकाशा आणि जागा ताडून पाहिली आणि अर्ज लिहिले. हरकती-सूचना साठ हजारांच्या वर गेल्या.

एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने हा आराखडा दुरुस्त करायला सांगितले. मे २०१६ मध्ये नवे प्रारूप आले. त्यावरच्या हरकती सात जणांच्या नियोजन समितीने ऐकल्या. शेवटी २०१८ साली आराखडा लागू झाला. सगळ्यांचे सगळे मागणे मान्य झाले नाही. पण चुकीचा नकाशा पक्का होता होता थांबला. तो लोकांच्या लेखी अर्जांनी थांबला.

गोव्यात काय झाले?

मुंबईत लोकांनी आराखडा झाल्यावर हरकती दिल्या. गोव्यात एक पाऊल पुढे पडले. तिथे आराखडा करतानाच गावांना विचारले गेले.

गोव्यात २००६ साली सबंध राज्याचा प्रादेशिक आराखडा लागू झाला. त्यात डोंगर, बागायती आणि शेतीच्या बऱ्याच जमिनी घरबांधणीसाठी मोकळ्या केल्या होत्या. लोक खवळले. गावोगाव सभा झाल्या, पणजीत मोठी सभा झाली. २००७ च्या सुरुवातीला सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला.

मग नव्या आराखड्यासाठी सरकारने एक कृतिदल नेमले. नामांकित वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया त्यात होते. २००८ साली नवे प्रारूप आले. ते पंचायतींकडे पाठवले. गावोगाव समित्या बसल्या. लोकांनी आपल्या गावाचा नकाशा समोर ठेवला. शेत कुठे, झरा कुठे, डोंगराचा उतार कुठे, हे त्यांनी पाहिले आणि आपले म्हणणे लिहून कळवले.

पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. २०१० आणि २०११ साली तालुकावार पक्के नकाशे निघाले. तेव्हा अनेक गावांनी तक्रार केली, की आम्ही कळवले एक आणि छापून आले दुसरेच. २०१२ साली नवे सरकार आले आणि त्याने तो आराखडा स्थगित ठेवला. पुढे कायद्यात बदल होऊन जमिनीचा वापर बदलायच्या वाटाही निघाल्या.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. गावाच्या समित्या हे काम करू शकतात, ही पहिली. समितीचा सल्ला हा सल्लाच असतो, हुकूम नसतो, ही दुसरी. सल्ला देऊन घरी बसले तर तो कागदाखाली दबून जातो. दिलेल्या सल्ल्याचे काय झाले, हे शेवटपर्यंत विचारत राहावे लागते.

समिती कशी असावी?

गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतो. पण गाव म्हणजे कोण? चार मोठे बागायतदार म्हणजे गाव नव्हे. समितीत जमीनवाला असावा, तसा भूमिहीन मजूरही असावा. बाया असाव्यात, कारण पाणी, सरपण आणि मुलांची शाळा यांची खरी माहिती त्यांना असते. वाडीवरचा, वस्तीवरचा माणूस असावा. एखादा जाणता म्हातारा असावा, ज्याने मोठा पूर पाहिला आहे. एखादा शिकलेला तरुण असावा, ज्याला नकाशा वाचता येतो.

आणखी एक गोष्ट. रस्ता ज्याच्या शेताजवळून जाणार, त्याचा त्यात फायदा असतो. जो प्लॉटची दलाली करतो, त्याचाही असतो. अशा माणसाने आपला संबंध आधीच उघड सांगावा. त्या विषयापुरते त्याने बाजूला बसावे. नाहीतर समिती गावाची राहत नाही.

समितीने काय करावे?

ग्रामसभेत ठराव करून समिती नेमावी. कचेरीत जाऊन प्रारूप नकाशा पाहावा आणि आपल्या गावापुरती प्रत मिळवावी. नकाशा हातात घेऊन शिवार फिरावे. गट नंबर ताडून पाहावेत. ओढे, विहिरी, पाणंदी, गायरान, स्मशान, शाळा नकाशात आहेत का, ते एकेक तपासावे.

जे चुकले असेल ते लिहावे. एका अर्जात एकच मुद्दा असावा. गट नंबर, जागा आणि कारण स्पष्ट असावे. पुराव्याला फोटो, जुना नकाशा, सात-बारा जोडावा.

नुसते 'आमच्याकडे नको' म्हणून भागत नाही. शाळेला जागा लागतेच. दवाखान्याला लागते, रस्त्याला लागते. ही जागा नको, तर कोणती बरी, ते सांगावे. 'या शेतात बारमाही विहीर आहे, पलीकडचा माळ पडीक आहे, शाळा तिकडे घ्यावी', असे लिहिले तर ऐकणाऱ्यालाही विचार करता येतो.

अर्ज मुदतीच्या आत द्यावा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घालून पोच घ्यावी. ही पोच जपून ठेवावी. सुनावणीला दोघा-तिघांनी जावे आणि अर्जातलेच बोलावे. तिथे जे झाले ते येऊन ग्रामसभेत सांगावे. पक्का नकाशा निघाला की तो आपल्या अर्जाशी पुन्हा ताडून पाहावा.

मुदत संपल्यावर मोर्चा नेला तर काय उपयोग? बैल गेला अन् झोपा केला, अशी गत होते.

मंडळी, तुम्ही आता वाचायला शिकलात. सही करता, पत्र वाचता, एसटीची पाटी वाचता. तसाच नकाशाही वाचायचा असतो. त्यात आपले गाव शोधा, आपला ओढा शोधा. नसेल तर लिहा. शहर वाढणारच आहे. ते वाढताना गावाला बुडवील की बरोबर घेईल, याचा काही भाग आपल्या हातच्या कागदावर ठरतो.

प्रश्न

१. आरक्षण म्हणजे काय? आरक्षण पडल्यावर मालकाला काय करता येत नाही?
२. हरकत आणि सूचना यांत फरक काय?
३. मुंबईच्या २०१५ च्या आराखड्यात लोकांना कोणत्या चुका दिसल्या?
४. गोव्यातील गावांच्या समित्यांनी काय काम केले? त्यांना काय अडचण आली?
५. तुमच्या गावचे ओढे, विहिरी आणि पाणंदी यांची यादी करा. ती वर्गात वाचून दाखवा.