पोलीस ‘उलटतपासणी’ घेतात का?

प्रश्न : ‘पोलिसांनी आरोपीची उलटतपासणी घेतली’ असे वाचनात येते. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. पोलीस करतात ती चौकशी. उलटतपासणी होते ती न्यायालयात, शपथ घेतलेल्या साक्षीदाराची. ज्या पक्षाने साक्षीदार आणला त्याचा वकील आधी सरतपासणी घेतो, मग विरुद्ध पक्षाचा वकील उलटतपासणी. गरज पडल्यास पहिला वकील फेरतपासणी घेतो. हा क्रम 1872च्या पुरावा कायद्यात होता आणि 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम आहे.

खरा फरक प्रश्नांच्या धाटणीत आहे. ‘तुम्ही रात्री नऊला दुकानातच होतात ना?’ असा उत्तर सुचवणारा प्रश्न सरतपासणीत सहसा चालत नाही. तिथे ‘कुठे होतात?’ असेच विचारावे लागते. उलटतपासणीत मात्र सूचक प्रश्नाला मुभा आहे, कारण साक्ष पारखून घेण्याचा तो विरुद्ध पक्षाचा हक्कच आहे. साक्षीदार फितूर झाला, तर न्यायालयाच्या परवानगीने त्याला आणणारा पक्षही असे प्रश्न विचारू शकतो.

आणि आरोपी? तो स्वेच्छेने साक्षीदार म्हणून उभा राहिला, तरच त्याची उलटतपासणी होते. म्हणून बातमीत ‘कसून चौकशी केली’ असेच लिहावे.