डॉ. टी. व्ही. रामन : कानाने वाचलेले गणित

गणित हा डोळ्यांनी शिकावयाचा विषय आहे, अशी आपणां सर्वांची समजूत असते. फळ्यावरील अंक ओळीत आहे की दुसऱ्या अंकाच्या डोक्यावर, एवढ्याने उत्तर बदलते. मग ज्यास फळाच दिसत नाही, त्याने गणित कसे शिकावे? पुण्यात वाढलेल्या एका विद्यार्थ्याने ह्याचे उत्तर आपल्या कार्याने दिले आहे. तो वृत्तान्त आमच्या विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रामन ह्यांचा जन्म १९६५ सालचा. त्यांची दृष्टी जन्मापासून अधू होती व काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी ती पूर्णपणे गेली. पुढे त्यांचे बंधू व इतर साहाय्यक पुस्तके आणि उदाहरणे मोठ्याने वाचीत, व रामन ती मनात मांडून सोडवीत. अशा रीतीने त्यांनी पुणे विद्यापीठाची गणिताची पदवी मिळविली. नंतर मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये शिकत असता, आपल्या प्रोग्रॅमने काय उत्तर दिले हे त्यांस इतरांच्या तोंडून ऐकावे लागे. तेव्हा गणितातील वक्ररेषा ध्वनिरूपाने ऐकविणारा प्रोग्रॅम त्यांनी स्वतःच रचला.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९९४ साली पूर्ण झालेला त्यांचा प्रबंध ह्याच विचाराचे फळ होय. 'ॲस्टर' नामक त्यांची योजना गणिताचा मजकूर वाचून दाखवी. घातांक आला की आवाज वरच्या पट्टीत जाई. अक्षराच्या पायथ्याशी लिहिलेला अंक आला की तो खाली उतरे. सूत्र फार लांबलचक असेल, तर त्यातील मोठ्या भागास एक लहान नाव देऊन आधी सूत्राची ठेवण ऐकविली जाई व तपशील मागाहून सांगितला जाई. डोळा सारे पान एकदम पाहतो. कान एकामागून एक ऐकतो. हा भेद ओळखूनच त्यांनी रचना केली. संगणकशास्त्रज्ञांच्या ए. सी. एम. ह्या संस्थेने ह्या प्रबंधास पारितोषिक दिले.

१९९५ साली त्यांनी 'ईमॅकस्पीक' हा बोलणारा प्रोग्रॅम सर्वांस मोफत दिला. २००५ साली ते गूगलमध्ये गेले. पुढे बटणांचे फोन जाऊन गुळगुळीत काचेचे आले, तेव्हा अंधांनी अंक चाचपडावा कोठे, असा पेच पडला. रामन ह्यांनी सहकाऱ्यासह युक्ती काढली : बोट प्रथम जेथे टेकेल तेथे पाच हा अंक मानावा, व तेथून वर, खाली वा बाजूस सरकवून इतर अंक घ्यावे. ह्याच खटपटीतून निघालेली 'टॉकबॅक' ही पडदा वाचून दाखविणारी सोय २००९ पासून अँड्रॉइड फोनांत आहे. कुडव्यातील पुष्कळ घरांतील फोनांतही ती निजून असेल, 'सेटिंग'मध्ये शोधावी.

पालकांनो, अपंग मूल घरी ठेवणे ही माया खरी, पण तिने मुलाचे भविष्य मिटते. २०१६ च्या कायद्याने चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तो मागून घ्यावा. विद्यार्थ्यांनो, रामन ह्यांची बुद्धी त्यांची स्वतःची होती. परंतु आरंभी कोणी तरी शेजारी बसून पान वाचून दाखविले, म्हणूनच तिला वाट मिळाली. ते काम तुम्हांपैकी कोणासही आजच करता येईल. धन्याचे द्रव्य जमिनीत पुरणाऱ्या चाकराचा दाखला आपण वाचतो. शेजाऱ्याचे द्रव्य पुरले जात असता स्वस्थ बसणे, हेही त्याच चाकराचे वर्तन नव्हे काय?