पाऊल उचलण्यापूर्वी

कवड्या टाकाव्यात, पडेल ते दान मोजावे आणि तेवढी घरे सोंगटी पुढे न्यावी, हा चौकाबाऱ्याचा खेळ धारवाडच्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे; त्यात कोणती सोंगटी हलवावी एवढीच निवड खेळणाऱ्याच्या हाती असते, किती हलवावी हे कवड्या ठरवतात. बुद्धिबळात दान नाही, पण तेथे मोहऱ्याची जात त्याची चाल ठरवून टाकते: उंट तिरपा, हत्ती सरळ, घोडा अडीच घरे. या दोन संस्कारांत वाढलेली हुबळी-धारवाडची मुले जेव्हा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अद्भुतरम्य कथाखेळाकडे वळतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हमखास असतो, ‘काका, चालायला दान किती पाहिजे?’ चालायला दान लागतच नाही आणि आपल्या पात्राला वाटेल त्या दिशेला जाण्याची मुभा आहे, हे ऐकून त्यांना हर्ष होतो. परंतु या मुभेची पैनपै वसुली होत असते, आणि ती ज्यांना वेळेवर समजली नाही त्यांचा केवढा विरस होतो, हे माळमड्डीतील माझ्या घरी रविवारी भरणाऱ्या बैठकीत सूत्रधाराच्या, म्हणजे डंजन मास्टरच्या, आसनावरून मी पाहत आलो आहे. नवशिक्यांना तो ताप होऊ नये, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी १९७४ साली हा खेळ प्रसिद्ध केला, तो टेबलावर लहान पुतळे मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतून उगवलेला होता. म्हणून मूळ पुस्तकांत पात्राची चाल इंचांत सांगितलेली आढळते. पुढे आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येकीने चालीचे कायदे थोडेफार बदलले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तिरपे जाताना दर दुसरे घर दहा फुटांचे धरत. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमाप्रमाणे, सरळ जा वा तिरपे, प्रत्येक घर पाचच फुटांचे. एकाच टेबलाभोवती बसलेले चौघे चार ठिकाणी शिकून आलेले असले, की प्रत्येकाच्या मनात निराळा कायदा नांदत असतो, आणि संकटाचा क्षण येईपर्यंत त्याचा कोणालाच पत्ता नसतो.

असा एक क्षण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेला एक मुलगा, जो हा खेळ दुसऱ्या एका मंडळीत शिकून आला होता, जादूगाराचे पात्र घेऊन खेळत होता. त्याच्या अगदी लगत ओगर नावाचा धिप्पाड राक्षस सोटा उगारून उभा. समोर सहाव्या घरात दार. वाटेतली पहिली तीन घरे मोकळी, पुढची तीन ढासळलेल्या भिंतीच्या दगडमातीने भरलेली. जादूगाराचा वेग ३० फूट, म्हणजे सहा घरे. ‘मी दारात जातो,’ असे म्हणून त्याने पुतळा उचलला आणि थेट उंबऱ्यावर ठेवला.

आता हिशेब पाहा. मोकळ्या तीन घरांचे १५ फूट. अडचणीच्या भूमीत प्रत्येक फुटाला दोन फूट खर्ची पडतात, म्हणून उरलेल्या तीन घरांचे ३०. एकूण ४५, आणि गाठीला होते ३०. शिवाय शत्रूच्या हाताच्या टप्प्यातून बाहेर पाऊल टाकताच त्या शत्रूला एक आगाऊ घाव घालण्याचा अधिकार मिळतो. त्याला अपॉर्च्युनिटी अटॅक म्हणतात. त्या मुलाच्या पहिल्या मंडळीत हा कायदा कोणी बजावलेलाच नव्हता. जादूगारापाशी प्राणबळ उरले होते ९. ओगरच्या सोट्याचा घाव म्हणजे दोन आठपैलू फासे अधिक चार, सरासरी १३. फासे पडले, जादूगार पहिल्याच पावलाला कोसळला, आणि मुलाच्या चेहऱ्यावर आपण फसवले गेलो असा भाव उमटला. त्याची तक्रार मला खोटी वाटली नाही. ज्या वस्तूची किंमत सांगितली गेली नाही तिचे देणे आकस्मिकपणे मागितले गेले, तर कोणालाही अन्यायच वाटेल.

वास्तविक त्याला मार्ग होते. आपल्या पाळीतली कृती डिसएंगेज करण्यात, म्हणजे सांभाळून माघार घेण्यात, खर्चली असती, तर तो घाव टळला असता. परंतु मग २५ फूट खर्चून तो दगडमातीच्या पहिल्या घरात अडकला असता, कारण शिल्लक पाच फुटांत दहा फुटांचे पुढचे घर घेता येत नाही. तीच कृती डॅश करण्यात, म्हणजे दुप्पट धाव घेण्यात, खर्चली असती, तर ६० फुटांची तरतूद होऊन तो दारापार गेला असता, पण तो घाव चुकला तरच. तिसरा मार्ग सर्वांत उत्तम होता, आणि तो एकट्याच्या आवाक्यातला नव्हता. प्रत्येक प्राण्याला एका फेरीत आगाऊ घावासारखी एकच प्रतिक्रिया करता येते, आणि ती त्याची स्वतःची पाळी सुरू होईपर्यंत परत मिळत नाही. ज्याची पाळी जादूगाराच्या आधी होती तो चिलखतधारी सोबती ओगरला लागूनच उभा होता. तो आधी टप्प्याबाहेर पडून तो घाव आपल्या चिलखतावर घेता, तर मागाहून जादूगार डॅश करून निर्वेध निघून गेला असता. दोघांचे आपसांत बोलणे झाले नाही, एवढ्यावरून सारे बिनसले.

म्हणून पहिली सूचना: खेळ सुरू होण्यापूर्वी कोणती आवृत्ती, तिरप्या घरांचे माप काय, आगाऊ घाव केव्हा लागू, याची एक याद लिहून टेबलावर ठेवावी. आवृत्ती एक असली, तरी सुधारणांची चौकशी करावी, कारण २०१४ च्या पुस्तकातले ड्वार्फ जातीचे पात्र २५ फूट चालते, तर २०२४ च्या पुस्तकातले ३०. दुसरी: चालीचा जमाखर्च तोंडाने बोलावा. ‘दहा खर्च, वीस शिल्लक’ असे म्हणण्याची सवय लागली, की थोडे चालून प्रहार करावा आणि उरलेल्या चालीत आडोसा गाठावा, ही सवलतही आपोआप उमगते. पडलेल्याला उठून उभे राहण्यास वेगाचा निम्मा हिस्सा द्यावा लागतो, चढताना किंवा पोहताना सामान्यतः प्रत्येक फुटाला एक फूट जादा पडतो, हेही त्याच वहीत येते. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची: पुतळ्याला हात लावण्यापूर्वी संपूर्ण वाट सांगावी, आणि पात्राच्या डोळ्यांना जे दिसते त्याची किंमत सूत्रधाराने तेथल्या तेथे सांगावी. लपलेला सापळा लपलेलाच राहो. समोर पडलेले दगड आणि उगारलेला सोटा मात्र गुप्त नव्हेत.

हाच न्याय दूरच्या प्रवासाला. सामान्य गतीने दिवसाच्या आठ तासांत २४ मैल, म्हणजे हुबळीहून धारवाडला येऊन जवळजवळ परत पोहोचण्याइतके अंतर, हे ज्याला उमगले तो एका दिवसात राज्य ओलांडण्याची भाषा करीत नाही. आणि नवलगुंदकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात पायांना शेर-शेर चिखल घेऊन जो चालला आहे, त्याला अडचणीच्या भूमीत वेग निम्मा का होतो हे समजावून सांगावे लागत नाही.

हे सारे कोरडे गणित आहे, त्याने कथेचा रस आटतो, असे कित्येकांना वाटते. माझा अनुभव उलट आहे. घाव बसणार हे पुरते ठाऊक असूनही जो मित्रासाठी टप्प्याबाहेर पाऊल टाकतो, त्याच्याच कृत्याला शौर्य हे नाव शोभते. अजाणता मेलेल्याची केवळ हळहळ वाटते. तेव्हा नव्या मंडळीत पहिला शत्रू पटावर मांडण्याआधी प्रत्येकाकडून त्याच्या पात्राचा वेग वदवून घ्यावा, एक लुटुपुटीची माघार सर्वांकडून मोजून करवून घ्यावी, आणि मगच खऱ्या लढाईचे फासे हाती द्यावेत.