छाटणी आणि गारपीट

योहानकृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय मला लहानपणीच पाठ झाला होता. ख्रिस्त द्राक्षवेल, आपण फाटे आणि पिता माळी, हे रूपक रविवारच्या शाळेत आम्हांला चित्रासकट शिकविले जाई. परंतु निफाड तालुक्यातील आमच्या एकरभर बागेत वडिलांच्या हाताखाली कात्री धरीपर्यंत त्या अध्यायात दुःखाची काही गोष्ट आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. (शास्त्रात वेल पुल्लिंगी आहे, आमच्या बागेत मात्र ती स्त्रीलिंगीच!)

आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमधली ती खरड छाटणी. तीत पीक देऊन झालेल्या काड्या एखाद-दुसरा डोळा राखून ओलांड्यापर्यंत खरडून काढतात. ऑक्टोबरातली ती गोडी छाटणी, फळासाठी. खरड छाटणी झालेली बाग पाहून नवखा माणूस हळहळतो, कारण ऐन उन्हाळ्यात मांडवावर एक पान उरत नाही. पण खरी मौज पुढेच आहे. ऑक्टोबरनंतर जो घड आपल्याला दिसतो, त्याचा सूक्ष्म अंकुर एप्रिलनंतर फुटलेल्या नव्या काडीच्या डोळ्यांत दीड-दोन महिन्यांतच धरलेला असतो. त्या दिवसांत काडीवर ऊन पडले पाहिजे. पाणीही बेतानेच द्यावे लागते. बाहेरून काहीच दिसत नाही. याकोबाने आपल्या पत्रात परीक्षा आणि धीर यांचा जो संबंध जोडला आहे, तो मला त्या डोळ्यांकडे पाहून पटला.

येथवरचा धडा सोपा आहे, आणि मीही बरीच वर्षे तोच सांगत असे.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात ठिकठिकाणी गारपीट झाली, तीत आमची बागही सापडली. काढणी आठ दिवसांवर आली होती. पंधरा-वीस मिनिटांत मण्यांचा चिखल झाला, काड्यांची साल सोलली गेली. त्या पिकावर सोसायटीचे कर्ज फिटायचे होते आणि बहिणीचे लग्न व्हायचे होते. मंडळीतील वडीलधारी माणसे भेटीस आली. एकजण वडिलांना म्हणाले, "भाऊ, देव छाटणी करतो आहे." मीही मान डोलावली. वडील मात्र म्हणाले, "छाटणी मी चाळीस वर्षं करतोय. कात्री डोळा मोजून लागते. गारेला डोळा कळत नाही."

हे उत्तर अश्रद्धेचे, असे मला त्या वेळी वाटले. पुढे लूककृत शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय वाचताना मी थबकलो. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती इतरांहून अधिक पापी होती काय, या प्रश्नाला ख्रिस्त स्वच्छ नकार देतो. ऐकणाऱ्यांना तो पश्चात्तापाचा इशारा देतो, पण बुरूज का पडला हे सांगत नाही. लगेच दाखला येतो तो द्राक्षमळ्यातील अंजिराच्या झाडाचा. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो, आणि माळी भोवती खणून खत घालण्यासाठी आणखी एक वर्ष मागून घेतो. प्रत्येक आघात म्हणजे देवाची कात्री, असे म्हणण्याचा आधार मला तेथे सापडत नाही. ईयोबाच्या मित्रांनी त्याच्या दुःखाचे कारण ठामपणे सांगितले होते. शेवटी देवाचा ठपका आला तो त्यांच्यावरच. आणि योहानातील माळी? फळ देणारा फाटा तो छाटतो खरा, पण फाट्याने वेलीत राहावे, एवढेच तेथे मागणे आहे. कारण समजून घेण्याची अट नाही.

गारपिटीच्या तिसऱ्या दिवशी वडिलांनी मोरचूद विरघळवला, चुना वेगळा कालवला आणि बोर्डो मिश्रण तयार केले. जखमांतून बुरशी शिरू नये म्हणून साऱ्या बागेवर फवारा मारला. पंपाची दांडी माझ्या हातात होती. कर्ज पुढे दोन हंगाम फिटले नाही. बहिणीचे लग्न साधेपणानेच लागले. एप्रिलमध्ये खरड छाटणी आली, तेव्हा गारेचे वण उठलेल्या एका ओलांड्यापाशी वडील थांबले. त्यांनी बोटाने खालचा एक डोळा चाचपला आणि त्याच्या वर कात्री लावली.