नोझल मोजून घ्या

पीक गेल्यावर स्प्रिंकलरचा दुकानदार गावभर सांगत सुटला की मी पाण्याची कंजुषी केली. ते साफ खोटं आहे, म्हणून लिहितोय. वाशिमकडच्या आमच्या मध्यम जमिनीत उन्हाळी भुईमूग वर्षानुवर्षं होतो. एप्रिलात विहीर तळाला जाते, पाटपाणी परवडत नाही, म्हणून स्प्रिंकलर घेतला.

उगवणीनंतर वीसेक दिवस पाणी मुद्दाम तोडलं. तो ताण झाडाला मानवतो, फुलं एकदम येतात. पण फुलोऱ्यापासून दाणा भरेपर्यंत एकही पाळी चुकवली नाही. वीज रात्रीची, तरी उठून मोटर चालू केली. मग नोझलभोवती हिरवंगार आणि मधले पट्टे मलूल, हे कसं? पट्ट्यातलं एक झाड उपटलं. आऱ्या सुटल्या होत्या, पण टोकं वाळून काळी पडलेली. वरची माती इतकी कडक की एकही आत शिरली नव्हती. नोझलजवळचं झाड उपटलं, तर शेंगांचा घोस.

पाइप मोजले तेव्हा उलगडा झाला. सहा मीटरच्या दोन पाइपांमागे एक, म्हणजे बारा मीटरवर नोझल हवं. तेव्हाच शेजारच्या दोन्ही नोझलांचं पाणी मधल्या जागेवर पडतं. फिटरनं तीन पाइपांमागे एक बसवलं होतं. बिलात मात्र नोझल पुरे! दुकानात गेलो तर मान वर न करता म्हणतो, "काका, वाऱ्यानं होतं तसं." वारा काय रोज त्याच पट्ट्यांना चुकवून जातो?

संच बसला की चालू करा, दोन नोझलांच्या मधे जागोजागी एकसारखे रिकामे डबे ठेवा आणि तासाभरानं पाणी बघा. फार तफावत दिसली तर फिटरला तिथंच थांबवा. नोझलपाशी अडीच किलोच्या आसपास दाब हवा. दाब पडला की थेंब जाड होतात आणि मधे कोरडं राहतं, म्हणून मोटरला झेपतील तेवढीच नोझल एका वेळी चालवा. दुपारच्या वाऱ्यात संच लावूच नका. आऱ्या सुटताना जिप्सम द्या, त्याआधी डवरणी उरका, नंतर मातीला हात नको.

आणि अनुदानाच्या मोका तपासणीआधी बिलातली आणि शेतातली नोझल स्वतः मोजा, मगच कागदावर सही करा. माझी सही नेल्यापासून दुकानदारानं फोन उचललेला नाही.