लोहाराची भट्टी व गणिताचा शोध

लोहार लालभडक पोलाद एकदम पाण्यांत बुडवितो, तेव्हां तें कठीण होतें खरें, पण ठिसूळही होतें. तेंच राखेंत पुरून सावकाश निवूं दिलें, तर त्याच्या अंगचे ताण जाऊन तें मऊ व चिवट बनतें. या क्रियेस ॲनीलिंग म्हणतात. तिच्यावरून गणितांतील एका बिकट प्रश्नास उपयोगी पडणारी ‘सिम्युलेटेड ॲनीलिंग’ नांवाची रीत निघाली आहे. तिची ओळख विद्यार्थिमित्रांस करून द्यावी, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न असा : एका फेरीवाल्यास घरचें धरून २० गांवें फिरून परत यावयाचें आहे, सर्वांत जवळची फेरी कोणती? १० गांवांच्या निरनिराळ्या फेऱ्या १,८१,४४० होतात. २० गांवांच्या मात्र इतक्या होतात, कीं सेकंदास दहा लक्ष फेऱ्या मोजणाऱ्या यंत्रासही त्या संपविण्यास सुमारें १,९०० वर्षें लागतील!

मग एखादी फेरी घ्यावी, तिचा एक तुकडा उलटा करून पहावा, आणि लांबी घटली तरच तो बदल ठेवावा, असें कोणी म्हणेल. परंतु केवळ उताराचीच वाट धरणारा वाटसरू पहिल्याच खळग्यांत अडकतो. पलीकडची खोल दरी त्यास कधींच सांपडत नाहीं.

यावर तोड अशी, कीं लांबी वाढविणारा बदलही कधीं कधीं पत्करावा. हा नियम मेट्रोपोलिस व त्यांचे सहकारी यांनीं १९५३ मध्यें पदार्थांतील कणांच्या गणितासाठीं मांडला होता. १९८३ मध्यें कर्कपॅट्रिक, जेलाट व वेकी यांनीं तो अशा शोधास लावला. चेर्नी यांनींही स्वतंत्रपणें तीच रीत काढून १९८५ मध्यें प्रसिद्ध केली. लांबींतील वाढीस ‘उष्णमान’ नांवाच्या एका कल्पित संख्येनें भागावें, व येणारा अंक २.७१८ या संख्येस ऋण घातांक म्हणून द्यावा. जें उत्तर येईल, ती बदल पत्करण्याची संभाव्यता होय. समजा, वाढ १० मैलांची आहे. उष्णमान ४५ असतां असे बदल १०० पैकीं ८० वेळां पत्करले जातील. १० असतां ३७ वेळां. आणि २ असतां १,००० पैकीं अवघे ७ वेळां.

आतां खरें कौशल्य उष्णमान बेतण्यांत आहे. आरंभ थंड केला तर पुन्हां तोच खळगा. फार तप्त केला तर व्यर्थ भटकणें. म्हणून प्रथम कांहीं बदल सहज करून पहावे, लांबी वाढविणाऱ्या बदलांच्या वाढीची सरासरी काढावी, व तिच्या साडेचारपट उष्णमानानें आरंभ करावा. वरील ४५ हा आंकडा असाच आला आहे.

पुढें प्रत्येक पायरीस उष्णमान एका अपूर्णांकानें गुणून उतरवावें. तें शंभरावा हिस्सा होण्यास ०.८० नें २१ पायऱ्या लागतात, ०.९५ नें ९०, व ०.९९ नें सुमारें ४६०. प्रत्येक पायरीवर गांवांच्या संख्येच्या शंभरपट प्रयत्न करावे, असा एक प्रचलित दंडक आहे. आजवरची उत्तम फेरी निराळी टिपून ठेवावी, आणि कित्येक पायऱ्या बदलच होईनासा झाला म्हणजे थांबावें.

परंतु एका चांगल्या उत्तरावर भुलूं नये. निरनिराळ्या दहा फेऱ्यांपासून आरंभ करून पहावें; उत्तरांत मोठी तफावत पडली, तर आपण घाईनें निवविलें असें समजावें. मग एका वेळीं एकच आंकडा बदलावा. दोन एकदम बदलल्यास गुण कोणाचा आला तें कळत नाहीं.

पुरेसें सावकाश निवविल्यास सर्वोत्तम उत्तर मिळण्याची संभाव्यता पूर्णतेकडे जाते, असें स्टुअर्ट व डोनाल्ड गेमन या बंधूंनीं १९८४ मध्यें सिद्ध केलें. त्यांच्या रीतींत उष्णमान प्रयत्नांच्या संख्येच्या लॉगरिथमच्या व्यस्त प्रमाणांत उतरतें. ४५ या संख्येस त्या लॉगरिथमनें भागीत गेल्यास ०.४५ पर्यंत येण्यास लागणाऱ्या प्रयत्नांची संख्या ४४ अंकी होते! तितकें आयुष्य कोणास आहे? म्हणून व्यवहारांत ‘हें सर्वोत्तम’ असें न म्हणतां, ‘इतकें सावकाश निवविलें, तेव्हां हें मिळालें’ असें सांगणेंच प्रामाणिकपणाचें होय.

आमच्या विद्यार्थ्यांनीं दहा गांवांचा नकाशा घेऊन हा प्रयोग अवश्य करावा. पालकांनींही जवळ बसून पहावें. आरंभींच्या चुकांना जागा ठेवल्यावांचून शेवटचें उत्तर सुधारत नाहीं, हें त्यांसही तेथें दिसून येईल.